चौथीच्या वर्गातली आई

“बसा तुमी इथं मांगं, भिंतीपाशी. चार रोज. पोरीले सवय झाली का मंग पाहू.” जगदेव सरांचा तो आवाज तेव्हा किती मऊ होता, सायीसारखा... आणि आज सतरंजीच्या काठाचा एक दोरा सरिताच्या बोटात आला तो ओढावा तसा येतच राहिला, मातकट, लांब, संपेचना. तिने तो बोटाला गुंडाळला, बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत, मग सोडून दिला. चार रोज म्हणाले होते. लेक तेव्हा पहिलीत होती. आता चौथीत आहे.

पुढे फळ्यापाशी भागाकार चालला होता. खिडकीजवळ आमू, दाखल्यावर आम्रपाली पण हाकेला आमूच, तिच्या पट्ट्याच्या खुर्चीत बसली होती. जन्मापासून तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले. बोलणंही तसंच, एकेक शब्द खोल विहिरीतून बादली ओढावी तसा हिंदकळत वर येणारा. डोक्यात मात्र काही कमी नव्हतं. आत्ताही उत्तर तिला आलं होतं, सरिताला ते पाठीमागून, मानेच्या ताठ झालेल्या शिरेवरून कळलं. पण बादली वर येईपर्यंत सर दुसऱ्या पोराकडे वळले होते, आणि उत्तर अर्ध्या वाटेवरून परत खाली गेलं.

आपण उठून सांगावं का, सर, थांबा जरा, तिले येते? — असं दर वेळी वाटायचं, आणि दर वेळी ती बसूनच राहायची. भिंतीला टेकलेल्या माणसाने वर्गात बोलायचं नसतं. त्याने फक्त असायचं. आमूला संडासला न्यायचं, तोंड पुसायचं, पडलेली पेन्सिल उचलून द्यायची. मग हळूहळू, कोणी न सांगता, खिचडीचा तांदूळ निवडायचा, सरांचा चहा ठेवायचा, पहिलीतलं रडणारं लेकरू मांडीवर घ्यायचं. शाळा सरिताच्या अंगावर अशी चढत गेली, कुंपणावर वेल चढावी तशी, आणि वेलीला कोणी विचारत नाही, की बाई, तू इथे कशी.

सकाळी शाळेच्या फाटकाशी हरभरा सोंगायला निघालेल्या बाया भेटल्या होत्या, कमरेला विळे, डोक्याला फडकी. कमलीबाई सगळ्यांत पुढे.

“काय वं सरिता, यंदा तरी पास होशीन का चवथी? का अजून एक साल बसवतेत तुले?”

“पाहू. भागाकार जमून नाई राह्यला,” सरिता म्हणाली, आणि सगळ्या हसल्या, तीही हसली. पण नजर त्यांच्या विळ्यांवर राहिली. हरभऱ्याच्या पाल्याची ती आंब... सोंगताना हाताला लागते, चिरांत चुरचुरते, जेवताना बोटं चाटली तर जीभ आंबटढाण होते. किती दिवस झाले हाताला काही चुरचुरून. माझे हात मऊ पडले बाई, बिनकामाच्या माणसासारखे, आणि तरी संध्याकाळी असं वाटतं की अख्खं वावर मी एकटीने निंदलं. बसून एवढं कसं थकतं माणूस? दिवसभर उन्हात वाकलेल्या बाईला निदान सांगता तरी येतं की कंबर दुखते. मी काय सांगू, काय दुखतं?

कोणाला सांगणार! गावात पोरीच्या आजीपासून सरपंचापर्यंत सगळ्यांचं एकच... काय माय हाय! अशी माय पाहाले भेटत नाई. सव्वीस जानेवारीला झेंड्यासमोर शाल दिली, नारळ दिला, माइकवरून आदर्श माता म्हणाले, टाळ्या झाल्या. ती शाल तिने ट्रंकेत तळाशी घातली. खांद्यावर घेतली होती तेवढ्या वेळात तिला कळलं होतं की हे आता काढून ठेवता येण्यासारखं नाही. एवढ्या टाळ्यांनंतर थकले म्हणायला तोंड कुठून आणायचं? आणि एक गोष्ट तर स्वतःशीसुद्धा पुरती म्हणता येत नव्हती... की थंडीत आमूला ताप चढला त्या सकाळी, कपाळावर हात ठेवताच आधी मनात आलं ते, आज जावं लागणार नाही. आधी ते आलं. काळजी मागून आली, धापा टाकत, उशीर झालेल्या माणसासारखी.

दुपारी खिचडी झाली. पोरं ताटल्या विसळायला हापशीवर गेली, सर कार्यालयात. ऊन खिडकीतून सरकत सतरंजीवर आलं आणि सरिताच्या पापण्या जड झाल्या. आईची आई जात्यावर म्हणायची त्या चालीवर आत काहीतरी आपोआप घुमत होतं, शब्द मात्र तिचे स्वतःचेच जुळत गेले...

मांडीची गं झाली माती, भिंत टेकली पाठीले,
माझा जलम बांधला लेकीबाईच्या पाटीले...

डोळा लागला असावा. कसल्याशा कुजबुजीने जाग आली तेव्हा तिने डोळे पुरते उघडले नाहीत, फटीतून पाहिलं. वर्गातल्या तीन पोरी आमूच्या खुर्चीभोवती होत्या. एकीने पट्टा सोडला. दोघींनी दोन बगलांत हात घातले, अगदी सरिता घालते तसेच, आणि तिसरी आमूच्या चपला हातात घेऊन पुढे उलटी चालू लागली, तिच्याकडे तोंड करून, जणू वासराला पेंडीने बोलावतेय. दाराबाहेरच्या उतारावर कोणीतरी तूर वाळत घातली होती. पोरींनी तिला तुरीच्या कडेकडेने नेलं. मधेच आमू काहीतरी म्हणाली. सरिताला कळलं नाही काय ते, पण पोरींना कळलं, कारण चौघी हसायला लागल्या, आणि एक म्हणाली, “गप वं आमे, पडशीन हासून हासून.” आमू हसत होती. घरी हसते तसं नाही — घरी ती आईला बरं वाटावं म्हणून हसते, हे सरिताला त्या क्षणी कळलं.

संडासचं दार लागलं. उघडलं. त्या परत आल्या. आमूच्या फ्रॉकला पाण्याचे डाग होते, बाकी सगळं नीट. खुर्चीत बसताना तिने आईकडे पाहिलं आणि ओठावर वाकडं बोट ठेवून पोरींना गप्प केलं.

सरिताने डोळे मिटून घेतले. खरं तर धावत जाऊन कवटाळायला हवं होतं. पण पायाखालची फळी कोणी अलगद काढून घ्यावी तसं झालं... ओझं उतरलं म्हणावं तर त्याच ओझ्यावर आपण इतके दिवस उभ्या होतो. मग मी इथे कोण होते? पोरीसाठी बसले होते की... ती तशीच मिटल्या डोळ्यांनी बसून राहिली, घंटा होईपर्यंत.

शेवटच्या तासाला वीरेंद्र सर आले. अपंग लेकरांना शिकवणारे विशेष शिक्षक, तालुक्यातल्या शाळाशाळांतून मोटारसायकलवर फिरणारे. मागच्या वर्षापासून महिन्याला एक फेरी त्यांची इथे असायची. चेहऱ्यावर कायम रस्त्याची धूळ. सरिताला कार्यालयात बोलावलं. जगदेव सरांनी स्वतः खुर्ची पुढे केली. खुर्ची तिला कधी मिळत नसे.

पुढच्या वर्षी पाचवी, विषय वाढतात, असं जगदेव सर सांगत होते. आमूचं नाव शाळेतच राहील, फक्त ती घरी शिकेल. वीरेंद्र सर मधूनमधून घरी येऊन शिकवतील. तशी सोय सरकारनेच केलेली आहे. आईबापाचा होकार तेवढा पाहिजे.

“तुमचे हाल पाहवत नाई आता, बाई. वावरात जा, चार लोकांत राहा. सुटसान तुमी.”

सुटाल. तो शब्द तिच्या हाडांपर्यंत गेला. मान हलवायची फक्त. हातांना आंबेचा वास आला, खरंच आला... आणि त्या वासाबरोबर ओसरीतली खाट दिसली, खाटेवर आमू, समोर रिकामा रस्ता.

“ताई, तुमची मर्जी असली तरच बरं का,” वीरेंद्र सर खाली पाहत म्हणाले. “जवळच्या शाळेत सगळ्यांसंगं बसून शिकायचा तिचा हक्क आहे. अठरा वर्षांची होईपर्यंत. कायदाच आहे तसा.”

“अन् मायनं वर्गात बसाचा कायदा?”

“तो कोणता?”

“माय बसली तरच लेकरू बसन, हा.”

वीरेंद्र सरांनी एकदा तिच्याकडे, एकदा जगदेव सरांकडे पाहिलं. असा कायदा नाही, ते सावकाश म्हणाले. मदतनीस देणं हे शाळेचं काम. मागता येतो, मिळेल कधी ते मात्र त्यांना सांगता येत नव्हतं. “मला तर वाटायचं, तुम्हालाच करमत नाही पोरीशिवाय.”

जगदेव सर टेबलावरची काच पुसू लागले. ते वाईट माणूस नव्हते. दोन वर्ग एकट्याने ओढून त्यांचेही खांदे उतरले होते. पोरगी पडली, लागलं, तर उत्तर कोण देईन, एवढंच ते काचेकडे बघून म्हणाले.

कोणी खोटं बोललं नव्हतं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. एकाने बस म्हटलं आणि ऊठ म्हणायचं सगळे विसरले, तीसुद्धा. आता मान होकाराला हलली तर लेक खाटेवर, नकाराला हलली तर आपण भिंतीशी. दोन्हीकडे कोणीतरी बसलेलंच. आणि तिसरं काय ते या खोलीत तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. ते सांगितलं की गाव विचारेल, पोर पडली तेव्हा माय कुठं होती? पडेलही. उद्याच पडेल कदाचित. भीती छातीत होती तशीच राहिली, पण तिच्या बाजूला आता थोडी जागा झाली होती, श्वास बसेल एवढी.

“आज दुपारी पोरींनी नेलं तिले संडासले,” ती म्हणाली. “नेलं, अन् नीट आणलं. त्यायले वाटलं मी झोपली. मी जागी होती, सर.”

सरिता खुर्चीतून उठली.

“लेक येईन शाळेत. पाचवीतबी येईन, सहावीतबी. मी नाई येत. थकली मी.”