चारकोपची हरळी

"जानके, ह्यो तुकडो कित्याक सोडलंस? म्हशींनी काय वारो खावचो?" धोंडू खेकसला.

संप फिसकटला, गिरणी बंद पडली, तेव्हापासून आमच्या चाळीतलं हे मालवणी जोडपं चारकोपच्या माळावरचं गवत कापून तबेल्याला घालायचं. दिवाळी सरली की उंच गवत वाळून त्याची नुसती कुसळं व्हायची. खाडीकडच्या त्या खारट मातीत हरळीच तेवढी पेरापेराला मुळं धरून हिरवी राहायची. एका कोपऱ्यात तर गादीसारखी दाट. जानकी तिला कधी विळा लावायची नाही.

धोंडू वाकला, त्यानं मूठ भरली. जानकीनं झेप घेऊन त्याचं मनगट धरलं.

"नुको! थंय आपलो झील असा."

विळा धोंडूच्या हातातच राहिला. पोर तापानं गेलं तेव्हा तो आईच्या बाराव्याला गावी होता. शेजारच्या अंबादासनं त्या तान्ह्याला माळावर नेऊन पुरलं. परत आल्यावर धोंडूनं पाळण्याची झोळी सोडली, घडी करून ठेवली, आणि त्या विषयावर तोंड मिटलं ते मिटलंच.

"माका सांगलंस कित्याक नाय?"

"तुमी इचारलात खंय?" जानकी म्हणाली. "मिया रोज गवताच्या निमतान हंय येतंय."

धोंडू हरळीवर तळवा टेकून बसून राहिला. त्या दिवशी तबेल्यात भारा गेला नाही.

ऊन तापायला लागलं आणि भरावासाठी मुरमाचे ट्रक आले. तिथं सेक्टर पडणार होते, नवी घरं. धोंडू मुकादमाच्या पाया पडला.

"एवढोच कोपरो सोडा, सायबानू. माझा पोर असा थंय."

मुकादम म्हणाला, "मामा, इथून रस्ता जातोय. माझ्या हातात काय आहे? गवत तर संपलंच तुमचं. काम पाहिजे ना? दोघं लागा उद्यापासून."

घरी जानकीनं स्टोव्ह पेटवला नाही. भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"लोकांच्या हातची माती कित्याक?" धोंडू तिच्या उशाशी बसत म्हणाला. "आपणच घालूया."

सकाळी दोघं कामावर उभी राहिली. धोंडूनं तो कोपरा मागून घेतला. मुरमातले दगड वेचून बाजूला टाकले, ढेकळं हातानं चुरली. मागं ट्रकवाला हॉर्न मारत होता. जानकीनं पहिलं घमेलं उचललं. ती हरळीवर वाकली.

"सावकास ओत गो," धोंडू म्हणाला, "जागो होतलो."