नणंदेचं सोंग

ऑफिसात तिला सगळे फूटपट्टी म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. कामच तसं होतं. ज्यांच्या घरात कुणाला स्मृतिभ्रंश झालाय आणि ज्यांना रात्रंदिवस त्या माणसाचं करावं लागतं, अशा नातेवाइकांसाठी ठिकठिकाणी गट भरत. गट कसा चालवायचा याची एक पुस्तिका होती. प्रत्येक बैठकीचं रेकॉर्डिंग फूटपट्टीकडे येई. गट चालवणाऱ्या बाई पुस्तिकेबरहुकूम चालल्या की स्वतःच्या मनाचं काही करत बसल्या, हे ऐकून ती गुण देई. पुस्तिका म्हणते, सल्ला देऊ नका, गटाकडूनच काढून घ्या. बाईंनी सल्ला दिला की फूटपट्टीनं गुण कापलाच. औषध लागू पडलं नाही म्हणून ओरडण्याआधी ते रोग्याच्या पोटात गेलं होतं का, हे नको का पाहायला?

तिच्यासाठीही नियम होते. आवाज ओळखीचा निघाला तर रेकॉर्डिंग तिथल्या तिथे थांबवून साहेबांना परत द्यायचं, आणि ऐकलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही. एवढ्या वर्षांत ही वेळ कधी आली नव्हती. त्या शुक्रवारी आली.

गुरुवारी दुपारी भरणाऱ्या गटाच्या बैठकीचं रेकॉर्डिंग होतं. एक बाई म्हणाली, "सासूबाईंचं मी निभावते हो. पण रविवारी वन्सं येऊन जातात ना, त्यानंतरची रात्र फार जड जाते."

हल्लीच्या काळात नणंदेला वन्सं म्हणणारी एकच बाई फूटपट्टीला ठाऊक होती, आणि ती तिची वहिनी होती. म्हणजे दर गुरुवारी आईला शेजारणीवर टाकून वहिनी जायची ती इथे. त्या गुरुवारांवरून फूटपट्टीनं दादाचे कानही भरले होते. थांबवायचं बटण बोटाखालीच होतं. बोट हललं नाही.

"आल्या आल्या विचारतात, आई, ओळखलंस का? सांग बरं मी कोण? त्या गोंधळल्या की म्हणतात, नीट आठव. मग वन्सं जातात आपल्या घरी, आणि सासूबाई रात्रभर खोल्याखोल्यांतून फिरतात. मला विचारतात, मी नापास झाले का गं?"

"तुम्हाला त्यांना काय सांगावंसं वाटतं?" गट चालवणाऱ्या बाईंनी विचारलं. सल्ला नाही, घाई नाही. फूटपट्टीच्या पेन्सिलीनं सवयीनं पूर्ण गुण लिहिले.

मग पुस्तिकेत होतं तसा सराव सुरू झाला. कुणीतरी नणंद व्हायचं होतं. बायकोचं सगळं करणारे एक निवृत्त बसचालक गटात होते, ते हौसेनं पुढे आले. "वहिनी, मी तिच्या पोटची आहे," त्यांनी आवाज बारीक केला. "मला नका शिकवू."

गट खो खो हसला. वहिनीही हसली. फूटपट्टीची कानशिलं तापली. त्या माणसानं तिला जन्मात पाहिलं नव्हतं, आणि वाक्य मात्र अगदी तिचंच होतं. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि राग आला तो वहिनीचा. घरचं उणं चव्हाट्यावर मांडते म्हणजे काय?

सराव चालूच होता. पहिल्यांदा वहिनीला शब्द सुचेनात. नंतर ती रडली. बाई थांबल्या आणि पुन्हा करायला लावलं. शेवटी वहिनी नीट बोलली, "वन्सं, आईंना विचारू नका. तुम्हीच सांगा त्यांना, तुम्ही कोण ते." बाईंनी घरचा अभ्यास दिला, की येत्या रविवारी हे खरंच म्हणायचं. "माझ्याच्यानं नाही व्हायचं," वहिनी म्हणाली. "त्या चुका काढण्यात पटाईत आहेत."

फूटपट्टी रेकॉर्डिंग घेऊन साहेबांकडे गेली. "ओळखीचा आवाज आहे."

"कुठे थांबवलंत?"

"संपल्यावर."

साहेबांनी तो गट तिच्याकडून काढून घेतला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनंही याहून कमी केलं नसतं.

रविवार आला तेव्हा पेच वेगळाच होता. ऐकलंय हे सांगायची सोय नव्हती. आपणहून शहाण्यासारखं वागावं, तर वहिनीचं एवढं तयार केलेलं वाक्य तोंडातच राहणार, आणि गुरुवारी ती बिचारी खाली मान घालून सांगणार की जमलं नाही. आणि तिला संधी मिळावी म्हणून आईला पुन्हा तोच प्रश्न विचारायचा, हे तर फूटपट्टीला आता काही केल्या जमलं नसतं.

म्हणून ती आईकडे न जाता स्वयंपाकघरात रेंगाळली. धुतलेले पेले पुन्हा पुसले. वहिनी ओटा पुसत होती, तोही पुसलेलाच. "आज इकडेच मुक्काम का?" दादा डोकावून म्हणाला. "आई जागी आहे, जा की." दोघींपैकी कुणी हललं नाही.

"वन्सं," वहिनी ओट्याकडे बघतच म्हणाली, "एक सांगू? राग नका मानू. आईंना विचारू नका. तुम्हीच सांगा त्यांना, तुम्ही कोण ते."

मी तिच्या पोटची आहे, हे वाक्य फूटपट्टीच्या जिभेच्या टोकावर आलंच. बसचालकानं अगदी बरोबर ओळखलं होतं. तिनं ते गिळलं.

"बरं," ती म्हणाली. "तसं करते."

वहिनीनं फडकं खाली ठेवलं आणि खुर्चीवर बसली.

आई खाटेवर टॉवेलच्या घड्या घालत होती. दारात फूटपट्टी दिसताच तिनं टॉवेल छातीशी घट्ट धरला. दर रविवारी ती हेच करत असणार. फूटपट्टीला ते आज दिसलं.

"आई, मी तुझी धाकटी मुलगी."

आईनं तिला नीट न्याहाळलं. ओळख पटल्याचं काही चेहऱ्यावर दिसलं नाही. पण टॉवेलावरची मूठ सैल झाली.

"बरं झालं बाई, तूच सांगितलंस," आई म्हणाली. "मला वाटलं, आता विचारतेस." आणि तिनं सरकून खाटेवर जागा केली.