घाटाच्या कोरड्या पायऱ्या

भडगावच्या मंगल कार्यालयात अणुवीज प्रकल्पाची जनसुनावणी होती आणि दहावीतल्या माहेनूरला तिथे एकच काम होतं: गिरणा नदीचं खरं पाणी सरकारी कागदावर चढवायचं. बस्स!

प्रकल्प नकोच, असं तिचं मुळीच नव्हतं. तिला स्वतःलाच इंजिनीअर व्हायचं होतं. अणुभट्टी कशी चालते हे तिने वर्गात इतक्यांदा सांगितलं होतं की तिची मैत्रीण कशिश हल्ली आधीच कानांवर हात ठेवायची. पण प्रकल्पाच्या अहवालात लिहिलं होतं, गिरणा ऐन उन्हाळ्यातही वाहते, भट्टी थंड ठेवायला पाणी पुरेल. पाहणीची तारीख, गेल्या वर्षीची बारा मे. ती वाचली नि माहेनूर उडालीच.

गेली दोन वर्षं दर शुक्रवारी ती घाटावर जायची, कोरड्या पायऱ्या मोजायची, वहीत लिहायची. ती वही घेऊन ती माइकसमोर उभी राहिली. सुनावणी घेणारे साहेब समजुतीने म्हणाले की हे तज्ज्ञांचं काम आहे, बाळ, तू बस. मागून कुणीतरी टोमणा मारला, पाण्याच्या मोटारी बांधणाऱ्या हनीफभाईंची पोरगी आता अणुभट्टीही बांधणार. हशा पिकला. माहेनूरचे कान तापले, पाय मात्र जागचे हलले नाहीत.

पहिल्या रांगेत बसलेले गावातले म्हातारे रोहिदास नाना हळूच म्हणाले, "बोल पोरी. नदी तुनी बी शे."

नदी आपलीही आहे, हे ऐकून तिने वही उघडली. "साहेब, हीच चूक मीपण केलीय. पहिल्या वर्षी मे महिन्यात पाणी दिसलं आणि मी लिहून मोकळी झाले, नदी बारमाही. अब्बा पोट धरून हसले. ते धरणातून सोडलेलं आवर्तन होतं, गावांना प्यायला. चार दिवस पाणी, मग पुन्हा वाळू. गेल्या वर्षी बारा मेलाही आवर्तनच सुटलं होतं, तुमची माणसं नेमकी तेव्हाच आली."

साहेबांनी अहवाल उलटापालटा केला, मग तिच्या वहीतली आवर्तनानंतरची एक तारीख पाहून विचारलं, "तेवीस मेला किती पायऱ्या कोरड्या होत्या?"

"सगळ्या. त्यापुढची वाळूसुद्धा."

साहेबांनी लेखनिकाला ते शब्दन् शब्द लिहायला लावलं, दोन्ही तारखांसकट. मग विचारलं, पुढचं मोजमाप कधी?

"शुक्रवारी, नमाजनंतर," माहेनूर म्हणाली. "मग उन्हाळा संपेपर्यंत दर शुक्रवारी. बूट घालून येऊ नका, साहेब. खालच्या पायरीवर अजून पाणी आहे, शेवाळावरून घसराल."