कुठली गोळी

उद्या सकाळी माझं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन. आज रात्री मला झोप लागावी म्हणून कुठली गोळी द्यायची, हे डॉक्टर माझ्या नवऱ्याला विचारत होते. मी समोरच खाटेवर बसले होते.

"मिसेस फार टेन्शन घेतात का?"

"पाचूबंदरच्या आग्नेसमावशीला दिलेली ती डायझेपाम द्या," जॅक्सन म्हणाला. "देवळाची घंटा वाजली तरी उठली नव्हती."

दोघं हसले. जॅक्सनच्या कडेवरून सात महिन्यांची एलिसा माझ्याकडे झेपावत होती. माझं दूध भरून आलं होतं आणि कानशिलं तापली होती.

"डॉक्टर, ही अंगावर पिते. दुधातून कुठली कमी उतरते ते सांगा. मला सांगा, जॅक्सनला नाही."

डॉक्टरांनी आता कुठे माझ्याकडे पाहिलं. "मग डायझेपाम नको, ती अंगात फार रेंगाळते. लोराझेपाम त्यामानाने लवकर ओसरते."

"आणि काहीच नाही घेतली तर?"

"झोप लागणार नाही, एवढंच."

"सात महिने कुठे लागलीय? बिनगोळीचा झोपतो तो हा जॅक्सन."

जॅक्सनने एलिसाला माझ्या मांडीवर दिलं. तिने माझं बोट घट्ट धरलं आणि प्यायला लागली.