मागचा गठ्ठा

पेंढ्याचा शेवटचा गठ्ठा लॉरेल गुडघ्याने रेटत होती, तेव्हा शेजारची व्हर्ना कॉफीचा मग दोन्ही हातांत धरून मागे येऊन उभी राहिली. अमेरिकेत, वायोमिंगच्या माळावरच्या त्या तळावर हिवाळा तोंडावर आला की चाकांवरच्या घरगाड्यांखालची मोकळी जागा सगळेच पेंढ्याने बुजवतात. नाहीतर वारा खालून शिरतो, आतली जमीन बर्फासारखी गार पडते, आणि लॉरेलची हेझल तर नुकती रांगायला लागली होती. उरलेले गठ्ठे लॉरेलच्या नवऱ्याने, कोल्टनने, व्हर्नाच्या गाडीभोवती रचून टाकले होते. म्हातारी गावात कपडे धुवायला गेली असताना, न सांगता.

"ऊब आलीय खरी, देव भलं करो त्याचं," व्हर्ना म्हणाली. "पण माझ्या जनरेटरपुढचा तो मागचा गठ्ठा तेवढा काढायला सांग त्याला. माझी कंबर धरलीय. आणि तुझ्याकडचाही काढ. धूर जायला वाट नको का?"

"सांगते की. पण मग सगळा वारा तिथूनच शिरेल."

"शिरू दे. यंत्र धापा टाकायला लागलं ना पोरी, की आधी माणसं मोजायची, मग यंत्र उघडायचं. माझा हार्लन म्हणायचा."

तिचा नवरा हार्लन जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण व्हर्नाच्या तोंडून तो रोज काही ना काही म्हणायचाच. लॉरेल हसली आणि तिने गठ्ठा आणखी थोडा आत ढकलला. संध्याकाळी कोल्टनला पवनचक्क्यांच्या कामावर बोलावणं आलं. तो घाईने निघाला, आणि सांगायचं राहून गेलं. म्हणजे आठवण झाली होती तिला. पण ऐन थंडीत लावलेली ऊब कोण काढतं, असंही तिच्या मनात आलं होतं.

मग वादळ आलं. रस्ता बंद झाला. एरवी सकाळी कॉफीपुरते सुरू होणारे तळावरचे जनरेटर दिवसभर घरघरत राहिले.

दुपारी लॉरेलने बाटलीच्या दुधासाठी किटली लावली आणि दिवे पिवळे पडले. जनरेटरचा आवाज खाली बसला, उचकी दिल्यासारखा वर आला, पुन्हा बसला. तिने किटली बंद केली. नुसता टोस्टर लावून पाहिला. तेच. शेवटी बाटली गरम करायचं बोटभर यंत्र लावलं, तर तेही त्याला पेलवेना.

कोल्टनचा फोन मोठ्या मुश्किलीने लागला. उंचावर हवा पातळ असते, तिथे यंत्र असं कुरकुरतंच, असं त्याचं म्हणणं. तेल बघ, फिल्टर झटक, हिटरचा पंखा बंद करून पुन्हा लाव. वर, जीवशास्त्राच्या पदवीत जनरेटर नव्हता वाटतं, असा टोमणाही त्याने मारला. लॉरेलला हसू आलं नाही. सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं.

"हेझल काय करतेय?" त्याने विचारलं.

"झोपलीय. आज गुणी बाळ झालीय अगदी."

तिने अंगावर कोट चढवला, गठ्ठा बाजूला ओढला आणि जनरेटरचं झाकण उघडलं. तेल बरोबर होतं. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली. फिल्टर मात्र काजळीने काळाकुट्ट. तो तिने बुटावर आपटून झटकला, पुसला, पुन्हा बसवला. यंत्र लगेच मोकळ्या गळ्याने गाऊ लागलं. बाहेरच्या वाऱ्यात डोक्याचा ठणकाही जरा उतरला. तिला स्वतःचं कौतुक वाटलं. कोल्टनला काय काय ऐकवायचं ते मनात जुळवत तिने गठ्ठा पुन्हा जागेवर रेटला आणि आत गेली.

किटलीत पाणी नुकतं कुजबुजायला लागलं होतं. दिवे पुन्हा पिवळे पडले.

लॉरेल किटलीकडे बघत उभी राहिली. फिल्टर तर आत्ताच साफ केला होता. मग मघाशी आणि आत्ता यात फरक काय? तिची नजर खिडकीतून खाली गेली. गठ्ठ्याची कड दिसत होती. ओढताना उलटा बसला होता तो, आतली बाजू बाहेर. पेंढा काळा पडला होता, चुलीच्या तोंडासारखा. म्हणजे धूर बाहेर जातच नव्हता, जमिनीतून आत येत होता.

आधी माणसं मोजायची.

हेझल कुशीवर निजली होती. गाल गुलाबी, छान गुलाबी. लॉरेलने तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. पाय हलला नाही. भिंतीवरच्या, कार्बन मोनॉक्साइडच्या इशारायंत्रातला सेल तिनेच काढून ठेवला होता. ते अधूनमधून चिवचिवायचं आणि पोर दचकून उठायची.

तिने पोरीला उचललं तशी तिची मान एकीकडे कलली. दार लाथेने उघडून ती बाहेर पडली, झाकणाखाली हात घालून जनरेटर बंद केला आणि वाऱ्याकडे पाठ न करता तोंड करून उभी राहिली. हेझलच्या तोंडावर बर्फाची भुकटी बसत होती. लॉरेल तिची पाठ चोळत राहिली, नाव घेत राहिली, मग नावही घेईना, नुसती चोळत राहिली. शेवटी पोरीने ओठ काढला. श्वास ओढला, आणखी ओढला, आणि असं भोकाड पसरलं की लॉरेल बर्फातच बसली. आयुष्यात इतकं सुंदर रडणं तिने ऐकलं नव्हतं. तिने कोटाची बटणं काढून पोरीला आत छातीशी घेतलं.

आणि मग रडण्यातल्या एका उसंतीत तिला दुसरा आवाज ऐकू आला.

जनरेटर तर तिने बंद केला होता. तरी कुठेतरी कोणीतरी धापा टाकत होतं. खाली बसत होतं, उचकी देत वर येत होतं. दिवसभर तिला वाटलं होतं, आपलाच आवाज शेजारच्या पत्र्यावर आपटून परत येतोय.

व्हर्नाच्या दाराचा पडदा खाली होता. सकाळीही खालीच होता. लॉरेलने खिडकीतून पाहिलं होतं. पडदा खाली असला की दार वाजवायचं नाही, ही या तळावरची रीत. हातभर अंतरावर राहणाऱ्या माणसांना दुसरी भिंत असते तरी कुठली? म्हातारी निवांत पडली असेल, असं म्हणून तिने आपली खिडकी पुसली होती आणि दुधाच्या मागे लागली होती.

पोर कोटात धरून ती धावत व्हर्नाच्या गाडीच्या मागे गेली. गठ्ठा कोल्टनने रचला तसाच होता, नीट, फटसुद्धा न ठेवता. एका हाताने तिने तो ओढून पाडला. यंत्राने मोठा श्वास घेतला आणि ते स्वच्छ सुरात चालू लागलं. आत दिवा उजळलेला पडद्यातून दिसला.

"व्हर्ना," तिने दार वाजवलं. "व्हर्ना, मी लॉरेल. आधी दार उघडा."

हेझल कोटात हुंदके देत होती. दिवा जळत होता. लॉरेल आधी मुठीने वाजवत होती, मग बुटाने.

व्हर्ना गेल्यापासून लॉरेल, कोल्टन आणि हेझल दुसऱ्या तळावर राहतात. गठ्ठे लावत नाहीत. हेझल दोन-दोन मोजे घालून चालते. संध्याकाळी यंत्रं सुरू झाली की लॉरेल तिला कडेवर घेऊन गाड्यांच्या रांगेतून फिरते. कान देऊन, दारं वाजवत. पडदा वर असो की खाली. लोक वैतागतात. एकाने तर तोंडावर म्हटलं, बाई, तुम्हाला काही कामधंदा नाही का? ती ऐकून घेते, आतल्या माणसाचा चेहरा एकदा नीट बघते आणि पुढच्या दाराशी जाते.

तिचं तुमच्याकडेही तेवढंच मागणं आहे. तुमच्या शेजारी कोणीतरी असेल, ज्याचा पडदा आज सकाळपासून खाली आहे. त्याला निवांत पडू द्यावं, असं तुम्हाला वाटलं असेल. एवढं वाचून झालंय, तर उठा. जाऊन दार वाजवा.