तोंडी ऑर्डर

"कुठेतरी आपटली असशील, आई. विसरली असशील."

मुलगा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला. वर बघायचे कष्टही त्याने घेतले नाहीत. त्याची आई, म्हणजे सगळ्यांच्या सिस्टर, बाही वर सारून त्याच्यासमोर उभ्या होत्या. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे माणसाने मुद्दाम आपटायचं ठरवलं तरी जमणार नाही अशा जागी, जांभळा डाग होता. काल एक होता, आज दोन होते.

"मी आपटले नाही," सिस्टर म्हणाल्या.

"परवा गॅस चालू राहिला होता, तेव्हाही तू म्हणालीस, मी लावलाच नाही म्हणून." त्याने बॅग खांद्याला लावली आणि मग जरा वरमून आईच्या पाठीवर हात ठेवला. "कॅप्सूल घेतलीस ना आजची? घेत जा. संध्याकाळी बोलू."

तो गेला. सिस्टरांनी बाही खाली ओढली. त्यांना राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटत होती. कारण गॅसचं खरं होतं.

छत्तीस वर्षं त्यांनी वॉर्ड सांभाळला होता, त्यातली शेवटची चौदा मुख्य परिचारिका म्हणून. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी गल्लीतला रद्दीवाला त्यांना सिस्टर म्हणे, शेजारीण सिस्टर म्हणे, आणि लग्नानंतर पहिले दोन महिने सूनही चुकून तसंच म्हणत होती. सिस्टरांनाही ते आवडे. आई तर कुणीही होतं, असं त्यांचं खाजगी मत होतं.

वॉर्डात त्यांच्या नाकावर माशी बसायची बिशाद नव्हती. औषधाच्या बाटलीवरचं नाव तीनदा वाचायचं: कपाटातून काढताना, पेशंटला देताना आणि परत ठेवताना. दिलं की लगेच लिहायचं, पुढच्या खाटेकडे वळण्याआधी. ड्यूटी बदलताना येणारीला उभ्याने चार्ज द्यायचा, म्हणजे एकेका पेशंटचं सगळं सांगायचं. येणारीने पेशंट स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, आणि "तुम्ही निघा, सिस्टर" असं ती म्हणेपर्यंत जाणारीने जागचं हलायचं नाही, मग पाय तुटून पडेनात का. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे तोंडी ऑर्डर घ्यायची नाही. डॉक्टर कितीही मोठा असो, कागदावर लिहून सही केल्याशिवाय सिस्टर एक गोळी हलवत नसत.

घरीही तोच कारभार होता. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून त्यांना रक्त पातळ करणारी गोळी होती, शिवाय रक्तदाबाची एक. दर रविवारी सात कप्प्यांच्या डबीत त्या आठवड्याच्या गोळ्या भरत, आणि रोज गोळी घेतली की वहीत तारीख, वेळ आणि बरोबरची खूण. सून थट्टेने म्हणे, "आई, तुमची वही बँकेच्या तिजोरीत ठेवायला हवी."

गेल्या वर्षभरात मात्र काहीतरी सैल होत चाललं होतं. समोरच्या बाईचं नाव ऐन वेळी सापडत नसे. एकदा नळ तसाच राहिला. एकदा त्या भाजी आणायला गेल्या आणि कोपऱ्यावर दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या, का आलो ते आठवेना. मुलगा हादरला होता. तो हादरला की काहीतरी विकत आणतो, हा त्याचा लहानपणापासूनचा स्वभाव. तीन आठवड्यांपूर्वी त्याने एक पिवळीजर्द बाटली टेबलावर ठेवली.

"हळदीचा अर्क आहे. मेंदूसाठी. वय झालेल्यांची स्मरणशक्ती सुधारते म्हणतात. फोनवर कितीतरी लोकांनी लिहिलंय."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"अगं, हळदच तर आहे! औषध थोडंच आहे? नाश्ता झाला की एक घ्यायची."

त्याचा चेहरा असा काही उजळला होता, की सिस्टरांना नाही म्हणवेना. बाटली डबीत गेली नाही, वहीत चढली नाही. पाण्याच्या तांब्याशेजारी उघड्यावर राहिली. औषध नाही ना, मग खूण कशाला करायची!

आज मात्र त्यांनी तांब्याशेजारची ती बाटली उचलली, चष्मा लावला आणि नाव वाचलं. एकदा, मग परत. अर्क इतके मिलिग्रॅम. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: रक्त पातळ करणारी औषधं घेत असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सिस्टर मटकन खुर्चीत बसल्या. "अगं बाई," त्या स्वतःलाच म्हणाल्या. रक्त आधीच पातळ, त्यात ही भर. म्हणजे डाग पडले ते आपटून नव्हेत. त्या आपटल्याच नव्हत्या, आणि विसरल्याही नव्हत्या. त्यांचं म्हणणं शब्दाला शब्द खरं होतं. त्या बसल्या जागी ताठ झाल्या. संध्याकाळी येऊ दे त्याला, म्हणावं, वाच आता चष्मा लावून!

मग सवयीने त्यांनी बाटली थाळीत उपडी केली. नव्या औषधाची चौकशी व्हायची असली की किती दिलं नि किती उरलं हे सांगता आलं पाहिजे. चमच्याच्या दांड्याने पाच-पाच कॅप्सूल बाजूला सारत त्यांनी मोजल्या. बाटली साठाची. आजचा दिवस एकविसावा. उरायला हव्यात एकोणचाळीस.

तेवीस होत्या.

त्यांनी पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदाही तेवीसच भरल्या.

घरात दुसरं कुणी त्या घेत नव्हतं. म्हणजे सोळा कॅप्सूल जास्तीच्या त्यांच्याच पोटात गेल्या होत्या. नाश्त्यानंतर एक घ्यायची, बाटली समोर दिसली की घेतली की नाही ते आठवायचं नाही, म्हणून आणखी एक. कधी बहुधा तिसरीही. त्यांनी घाईघाईने वही उघडली आणि पानं मागे मागे नेली. रक्ताची गोळी, रक्तदाबाची गोळी, खुणा जिथल्या तिथे होत्या, आणि डबीतले कप्पेही खुणांशी जुळत होते. वहीत जे होतं ते एकदाही चुकलं नव्हतं. जे वहीत नव्हतं, तेवढंच हातातून निसटलं होतं. किती दिवस ही वही आपल्याला धरून उभी आहे, हे त्यांना त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

न्हाणीघरात पाणी वाजत होतं. सून शाळेच्या ऑफिसात कामाला होती, तिला निघायला अजून अर्धा तास होता. बाटली केराच्या डब्यात तळाशी घातली असती तर कुणी मोजणार नव्हतं. हळदीने डाग आले, एवढंच सांगायचं. मुलगा कान धरेल, माफी मागेल, आणि पुन्हा वर्षभर तरी या घरात कुणी "विसरली असशील" म्हणायचं नाव काढणार नाही. सिस्टरांनी बाटली उचलली. डब्याचं झाकणही उघडलं.

तेव्हा त्यांना ती पोर आठवली. बावीस वर्षांची असेल, नवीनच लागली होती. तिने एका पेशंटला दुपटीने औषध दिलं आणि चादरींच्या खोलीत जाऊन हमसून हमसून रडत बसली. सिस्टरांनी तिला दंडाला धरून उठवलं होतं. "आधी लिही, मग रड. तुझ्या रडण्याने त्याला काय दिलंय ते डॉक्टरला कळणार आहे का?" पेशंट वाचला होता. ती पोर पुढे स्वतः वॉर्ड चालवू लागली.

सिस्टरांनी झाकण लावलं. टेबलाशी येऊन त्यांनी पेन उघडलं आणि वहीत लिहिलं, सगळं, आकड्यांसकट. अक्षर नेहमीसारखंच होतं, गोल आणि ठसठशीत. मग थोडं रडल्या.

सून केस पुसत बाहेर आली तेव्हा त्या साडी नीट करून, पर्स घेऊन तयार होत्या.

"अगं, शाळेत फोन कर. उशीर होईल म्हण. मला दवाखान्यात घेऊन चल."

"आई! काय होतंय तुम्हाला?"

"घाबरू नकोस. चालतेय, बोलतेय. पण आजच जायला हवं."

सिस्टरांचे नेहमीचे डॉक्टर शिकाऊ असताना त्यांच्याच वॉर्डात होते. तेव्हा डोक्यावर दाट केस होते आणि अक्षर असं की मुंगळा शाईत बुडवून कागदावर सोडावा. सिस्टरांनी त्यांना भर राउंडमध्ये एक ऑर्डर चारदा लिहायला लावली होती. ते अजून येईल त्याला हा किस्सा सांगत, आणि पेशंटला कागद देताना अजून अक्षर सांभाळत.

डाग बघितल्यावर मात्र ते हसायचे थांबले. बोटातून थेंबभर रक्त घेऊन त्यांनी छोट्या यंत्रात घातलं. रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा दोन ते तीनच्या मध्ये असायला हवा होता, तो पाचाच्या पुढे गेला होता.

"सिस्टर, नवीन काय सुरू केलंत?"

सिस्टरांनी पिवळी बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती फिरवून वाचली आणि मान हलवली.

"जेवणात असते तेवढ्या हळदीचं काही नाही. पण हा काढलेला अर्क आहे, आणि तुमच्या गोळीबरोबर नकोच. स्मरणशक्तीचं म्हणाल तर थोडेफार अभ्यास झालेत, पण खात्रीने कुणी काही सांगत नाही. आजपासून ही बंद. रक्ताची गोळीही मी सांगेपर्यंत बंद, परवा पुन्हा तपासू. डोकं दुखलं, कुठून रक्त आलं तर तडक यायचं. रोज एकच घेत होता ना?"

"हो, एकच," सून पटकन म्हणाली. "नाश्ता झाला की. ह्यांनीच तसं सांगितलंय."

डॉक्टर लिहायला लागले. पेन कागदावर टेकलंसुद्धा. सिस्टर गप्प राहिल्या असत्या तर तेही तिथेच मिटलं असतं.

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "एक लिहू नका."

त्यांनी वही उघडून समोर सरकवली आणि उठून उभ्या राहिल्या. डॉक्टरही नकळत खुर्चीतून अर्धे उठले, जुन्या सवयीने.

"एकवीस दिवस. द्यायच्या एकवीस, गेल्या सदतीस. सोळा जास्त. नोंद केलेली नव्हती. पेशंटला घेतल्याचं आठवत नव्हतं, म्हणून पुन्हा घेतली. मी तोंडी ऑर्डर घेतली, डॉक्टर. छत्तीस वर्षांत घेतली नव्हती, ती पोराची घेतली."

सुनेने तोंडावर हात ठेवला. डॉक्टरांनी ते पान सावकाश, शेवटपर्यंत वाचलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "इतकी स्वच्छ नोंद मला माझ्या हॉस्पिटलात महिन्यातून एकदा मिळत नाही."

"ते राहू द्या. विसरण्याची तपासणी कधी करायची ते सांगा. आणि लिहून द्या."

डॉक्टरांनी लिहून दिलं. पुढच्या सोमवारची तारीख घातली, आणि अक्षर कधी नव्हे इतकं सुवाच्य काढलं.

संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा बायकोचं त्याला फोनवर सगळं सांगून झालेलं होतं. तो दारातच उभा राहिला. चेहरा पार उतरला होता.

"आई, मी तुला विष आणून दिलं गं."

"काहीतरी बोलू नकोस. काळजीने आणलंस, माहीत आहे मला. न विचारता आणलंस, ही चूक. न लिहिता घेतली, ही माझी. झाली वाटणी." मग त्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "आणि मी आपटले नव्हते."

"नव्हतीस," तो म्हणाला.

"पण विसरतेय, हेही खरं. तेव्हा आता बूट काढ आणि ऐकायला बस."

त्यांनी सुनेला टेबलाजवळ बोलावलं. डबी, वही आणि डॉक्टरांचा कागद ओळीने मांडला आणि स्वतः खुर्चीमागे उभ्या राहिल्या. तब्येतीने बारीक, पण पाठ कशी सरळ. सून बसायला लागली तशी म्हणाल्या, "उभी राहा गं. चार्ज बसून घेत नाहीत."

"पेशंट," त्यांनी सुरुवात केली, "स्त्री, वय चौऱ्याहत्तर. हृदयाचे ठोके अनियमित. रक्त पातळ करण्याची गोळी डॉक्टर सांगेपर्यंत बंद. रक्तदाबाची सकाळी एक, चालू. हळदीची कॅप्सूल कायमची बंद. परवा रक्ततपासणी. सोमवारी स्मरणशक्तीची तपासणी. स्मरण कमी झालेलं आहे. पेशंट ते कबूल करते. स्वभाव हट्टी. आजपासून गोळी तिच्या हातात द्यायची, गिळेपर्यंत समोर थांबायचं आणि लगेच खूण करायची. ती म्हणाली मी घेतली, तरी वही बघायची. ती रागावेल. रागावू द्यायचं."

"आई..." सुनेचे डोळे भरून आले होते.

"आधी लिही."

वहीत 'चार्ज दिला' असं लिहून त्याखाली सिस्टरांची सही आधीच झालेली होती. 'चार्ज घेतला' याच्यापुढे सुनेने सही केली.

"वेळ टाक."

सुनेने घड्याळ बघून वेळ टाकली.

"आता पेशंट बघ. सांगितलं तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नसतो."

सिस्टरांनी बाही वर सारली आणि दंड दिव्याखाली धरला. मुलाने आपल्या टेबलावरची मोजपट्टी आणली. सुनेने ती अलगद डागाशी लावून लांबी मोजली, वहीत लिहिली, मग दुसऱ्या डागाची. सकाळी ज्याने वर बघितलं नव्हतं, तो आता आईच्या दंडावरून नजर हलवत नव्हता.

सगळं लिहून झालं. वही मिटली. तरी सिस्टर होत्या तिथेच उभ्या राहिल्या, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून. दिवसभराच्या धावपळीने पाय भरून आले होते, हे दोघांना दिसत होतं. मुलगा म्हणाला, "बस ना आता, आई," पण त्या हलल्या नाहीत. त्या सुनेकडे बघत होत्या.

सुनेला क्षणभर उमजेना. मग इतक्या वर्षांत शंभरदा ऐकलेली ती वॉर्डातली गोष्ट तिला आठवली. तिने डोळे पुसले, वही छातीशी धरली आणि सरळ उभी राहिली.

"मी आहे इथे," ती म्हणाली. "तुम्ही निघा, सिस्टर."

सिस्टरांनी मान डोलावली, बाही नीट खाली ओढली, आणि मगच खुर्चीत बसल्या.