सेरियानची फांदी

नोलारीने फांदी मोडली आणि लहान पोरीसारखी पटकन पाठीमागे लपवली. पण आजोबांनी पाहिलंच.

"लपवतेस काय? दे इकडे."

"ही सेरियानसाठी आहे, आजोबा."

नदीचं पात्र आटून नुसता वाळूचा रस्ता झाला होता. हिरवं म्हणावं असं काठावर एकच उरलं होतं, कपारीतलं दातणाचं झाड, आणि त्याची ही शेवटची पालेदार फांदी. समोरच वाळूत सेरियानच्या आईची, एका हत्तिणीची, कवटी पडली होती. सांबुरू जमातीचा माणूस हत्तीच्या हाडांजवळून रिकाम्या हाताने जात नाही. आपल्या माणसाच्या थडग्यावर ठेवावा तसा तो ओला पाला ठेवतो, आणि एकदा ठेवलेला पाला पुन्हा कुणी उचलत नाही. पाऊस हुकल्यापासून लेकादा आजोबा या कवटीजवळून मान खाली घालून जात होते.

"मेलेलीला कसली घाई?" नोलारी म्हणाली. "लेक जगली तर तिलाही बरंच वाटेल."

"जीभ अगदी आजीवर गेलीय तुझी," आजोबा पुटपुटले. पण वाट सोडून बाजूला झाले.

कुंपणात जनावरांचे डॉक्टर किरुई हत्तीच्या पिल्लाजवळ उकिडवे बसले होते. शेळीच्या दुधाची बाटली तशीच भरलेली होती. सांबुरू बोलीत सेरियान म्हणजे 'सगळं बरं आहे'. हे नाव नोलारीनेच ठेवलेलं. तेव्हा पिल्लू बाटली हिसकावून घ्यायचं, तिच्या गळ्यातले मणी सोंडेने चाचपायचं. आता त्याची कातडी हाडांवर टाकलेल्या घोंगडीसारखी लोंबत होती. पोटच्या पोरांआधी नोलारीने हिला पाजलं होतं आणि त्यापायी घरी बोलणीही खाल्ली होती.

"दूध घेत नाही. पण पाला चावला तर आशा आहे," डॉक्टर म्हणाले.

नोलारी वाळकी पानं खुडून फांदी साफ करू लागली. आजोबा सावलीत टेकले. समोरच्या खडकावर सशाएवढे, बिनशेपटीचे दोन प्राणी ऊन खात बसले होते.

"ते बघा, हत्तीचे जवळचे भाऊबंद," डॉक्टर म्हणाले. गप्प बसलं की त्यांचा जीव घाबरायचा.

"हे? मग मीही जिराफाचा जावई!"

"खरंच सांगतो. एके काळी या हत्तीच्या घराण्यात दीडशेवर जाती होत्या. चार सुळ्यांचे, फावड्यासारख्या जबड्याचे, अंगभर केसांचे. आता तीन उरल्यात."

आजोबांचं हसू मावळलं.

"मग बाकीच्यांवर पाला कुणी ठेवला?"

डॉक्टर बाटलीचं झाकण उगीचच फिरवत राहिले.

नोलारी गुडघे टेकून बसली आणि तिने फांदी पुढे धरली.

"घे गं माझी राणी. घे."

सोंड हलली. सावकाश वर आली आणि तिने फांदी धरली. डॉक्टर उठून उभे राहिले. नोलारीला हसावं की रडावं कळेना.

सेरियानने फांदी तोंडाजवळून नेली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

आजोबांनी हातातली काठी जमिनीवर आडवी ठेवली.

"हत्तींची सवयच असते ही," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "पाला, माती, काहीही अंगावर टाकतात. काढा तो, तोंडात द्या."

नोलारीने आजोबांकडे पाहिलं. मग त्यांच्यादेखत हात पुढे केला आणि फांदी उचलली. आजोबांनी तोंड फिरवलं. तिने पानं चुरडून सोंडेच्या टोकाला लावली, ओठांना लावली, दोन पानं बळेच आत सारली. ती तशीच बाहेर पडली.

"खा ना गं," नोलारी म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना.

तेवढ्यात कुंपणाबाहेरून पाण्याला निघालेल्या शेजारणीने हाक दिली.

"काय गं, सेरियान?"

रोजचीच विचारपूस होती. येता-जाता सगळे एकमेकांना असंच विचारतात, आणि उत्तरही तेच द्यायचं असतं.

"सेरियान," नोलारी म्हणाली. आणि फांदी जिथून उचलली होती तिथेच तिने ती परत ठेवली.